शेवटचा नळ, घर क्रमांक चोवीस

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. माझ्यात कविता नाहीत, चित्रे नाहीत, कोणाचा पत्तासुद्धा नाही. बडोद्याच्या पश्चिमेला, सुभानपुऱ्याच्याही पुढे, रेवाकुंज नावाची वसाहत आहे. तिथल्या नळाला येणारे पाणी रोज सकाळी कसे होते, एवढेच माझ्या पानांवर लिहिलेले आहे. वाचायला बसलात तर पाच मिनिटांत जांभया द्याल. मीही एके काळी स्वतःला असेच निरुपद्रवी समजत होते. पण माझ्यावर विश्वास ठेवून एका बाईने पाणी उकळणे बंद केले, आणि त्यानंतरचे दिवस मी ज्या भीतीत काढले, ती भीती अजून माझ्या शिवणीतून गेलेली नाही. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म रावपुऱ्यातल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. पंचाण्णव साल संपत आले होते. दोनशे जाड पाने, पुठ्ठ्याचे कव्हर आणि पाठीला लाल कापड. बाइंडर खळ जरा जास्तच लावायचा, त्यामुळे पहिले काही महिने माझी पाने उघडताना करकर वाजत. मला न्यायला जयसिंगराव मोहिते सायकलवरून आले. त्यांनी मला उलटून पालटून पाहिले, एक पान नखाने खरवडून शाई फुटेल का याचा अंदाज घेतला आणि मग पिशवीत घातले. असा माणूस मिळाला म्हणून मी मनातून सुखावले होते.

रेवाकुंज तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते. तिथल्या रहिवाशांनी मिळून एक पाणीपुरवठा मंडळ काढले होते. मंडळाची एक बोअर, एक उंच टाकी आणि टाकीखाली एक खोली. त्या खोलीत जयसिंगरावांचे राज्य चाले. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते, वडील सरकारी बागेच्या पाण्यावर देखरेख करायचे. जयसिंगरावांकडे घोडेही आले नाहीत आणि बागही आली नाही, पण वरून आलेला हुकूम जसाच्या तसा पाळायचा, ही घरची सवय मात्र पुरेपूर आली. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, पिळदार मिशा, आणि एका दिवसाची गैरहजेरी नाही. असल्या माणसाची थट्टा करायला लोकांना आवडते, पण पाणी त्याच्याच हाती असावे असेही वाटते.

माझ्या कव्हरावर त्यांनी मराठीत आणि गुजरातीत लिहिले, ‘पाणी तपासणी नोंदवही. कोणाही रहिवाशास सकाळी दहा ते अकरा पाहता येईल.’ मी तिसरी. माझ्याआधीच्या दोघी फळीवर बसलेल्या होत्या. दुसरीतले रकाने पाहून जयसिंगरावांनी माझ्यात आखले, आणि दुसरीतले त्यांनी पहिलीत पाहून आखलेले होते. तारीख, वेळ, ठिकाण, क्लोरीन, शेरा, सही. त्यातला ठिकाणाचा रकाना ते महिन्याच्या एक तारखेलाच वरपासून खालपर्यंत भरून टाकत, म्हणजे सकाळी घाई नको. प्रत्येक ओळीत एकच मजकूर असे, ‘शेवटचा नळ, घर क्र. २४’.

आता हे शेवटच्या नळाचे काय, ते सांगते. टाकीतल्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. पाणी पाइपातून पुढे जाते तसे ते क्लोरीन खर्च होत जाते. म्हणून मोजायचे ते टाकीजवळ नाही, अगदी शेवटच्या घरी. तिथे थोडेसे जरी शिल्लक सापडले, तरी वाटेतल्या सगळ्या घरांना ते पोचले असे समजतात. जयसिंगरावांकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यातल्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे काही थेंब टाकायचे आणि पाणी किती पिवळे होते ते शेजारच्या रंगांशी ताडून पाहायचे. आकडा शून्य पूर्णांक दोन किंवा त्याहून जास्त आला की पाणी चांगले. मोजले तिथेच लिहायचे, हा त्यांचा नियम होता, म्हणून मी रोज त्यांच्या काखेतून हिंडत असे.

चोवीस नंबरच्या घरी मंदाकिनीबाई राहायच्या. मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्या अंगणातला नळ हा मंडळाचा अधिकृत शेवटचा नळ आहे याचा त्यांना कोण अभिमान. रोज पावणेसातला त्या नळाची तोटी घासून ठेवत आणि कठड्यावर चहाचा कप झाकून ठेवत. जयसिंगराव येत, नळी भरत, पिवळा रंग बघत, माझ्यात ‘०.३’ लिहीत, चहा पीत आणि पाण्याला नावे ठेवणाऱ्या लोकांना दोघे मिळून नावे ठेवीत. ते दिवस चांगले होते. महिन्यातून एकदा मंडळाचे सेक्रेटरी नंदूभाई येऊन माझ्यावर सही करत आणि एखाद्या पाहुण्याला माझी पाने फडफडवून दाखवत. त्या वेळी मी फुगून जात असे.

कव्हरावर एवढे लिहूनही मला पाहायला मात्र कोणी येत नसे. दहा ते अकरा या वेळात माझ्यावर मांजर झोपायचे.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीच्या शेवटी वसाहतीच्या टोकाकडून पहिली बातमी आली. सत्तावन्न नंबरच्या आनंदीची मुलगी इरा आजारी पडली होती. वय वर्षे सात, उलट्या, ताप, आणि मग डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. आनंदीचा नवरा श्रीकृष्ण वाघोडियाच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. एरवी मुलांना कावीळ होते आणि जाते, इराचीही उतरायला लागली. पण त्या घरात त्याच आठवड्यात आनंदीची धाकटी बहीण देवश्री येऊन राहिली होती. तिला इंदूरला दिलेली. सातवा महिना लागलेला. या दोघींची आई वारलेली होती, म्हणून पहिले बाळंतपण थोरल्या बहिणीकडे करायचे ठरले होते.

डॉक्टरांनी इराला तपासताना कोपऱ्यात बसलेल्या देवश्रीकडे पाहिले आणि आनंदीला बाहेर बोलावून सांगितले की ही कावीळ पाण्यातून येते. मुलांना ती सोसते. पोटुशी बाईला झाली तर जिवावर बेतते, आईच्याही आणि बाळाच्याही. घरातले सगळे पाणी वीस मिनिटे उकळा.

त्या दिवसापासून आनंदीने दोन मोठी पातेली गॅसवर चढवली. तिच्याकडे सिलिंडर एकच. नंबर लावल्यावर दुसरा मिळायला तीन-तीन आठवडे लागत. देवश्रीला उकळलेल्या पाण्याची चव नको वाटे, ती कुरकुर करी. श्रीकृष्ण म्हणाला, इराने शाळेच्या वाटेवर काहीतरी खाल्ले असेल, फतेगंजच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सगळ्यांनी सेवउसळ खाल्ली त्यातूनही झाले असेल. पाण्यावर एवढा संशय असेल तर टाकीवर नोंदवही असते, ती बघून ये. लिहिलेले असतेच की सगळे.

अकरा मार्चला ती आली. मला आजही तिचा हात आठवतो. पोळ्या लाटून आलेला, बोटांना पीठ लागलेले. चौदा महिन्यांत मला वाचायला आलेली ती पहिली रहिवासी. मी किती आनंदले म्हणून सांगू. मांजराला बाजूला करून तिने मला उघडले आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली गेली. ०.३, ०.३, ०.४, ०.३. एकही रकाना कोरा नाही, एकही खाडाखोड नाही. नंदूभाई तिथेच बसले होते. ते मायेने म्हणाले, “बेन, चोपडामां बधुं बराबर छे. वहीत सगळं बरोबर आहे, नाहक घाबरू नका.” आनंदीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. उगीच संशय घेतला म्हणून ती जराशी ओशाळलीसुद्धा. जयसिंगरावांना म्हणाली, “काका, तुमचं अक्षर किती छान आहे हो.”

घरी जाऊन तिने दोन्ही पातेली गॅसवरून उतरवली. मला हे तेव्हा माहीत नव्हते. मी दिवसभर तिच्या कौतुकावर तरंगत होते.

बावीस मार्चला ती परत आली तेव्हा सात वाजायचे होते, जयसिंगराव मोजायला निघतच होते. तिच्या पायात चप्पल नव्हती. अठ्ठावन्न आणि साठ नंबरमधली दोन मुले एकाच दिवशी पिवळी झाली होती, आणि त्यांनी कुठल्याही लारीवर काही खाल्ले नव्हते. तिने मला ओढून घेतले. या वेळी ती आकड्यांवर थांबली नाही. पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली, तारीख, मग वेळ, मग ठिकाण. ठिकाणावर तिचे बोट आले आणि तिथेच राहिले. मग तिने पान उलटले. आदल्या महिन्याचे पाहिले. मग त्याच्या आदल्या. पुन्हा मार्चवर आली.

“काका,” ती म्हणाली, “माझं घर सत्तावन्न नंबरचं. पुढे साठपर्यंत घरं आहेत. मग चोवीस नंबर शेवटचं कसं?”

मित्रांनो, कागदाला घाम फुटत नाही म्हणतात. त्या क्षणी मला फुटला असता.

कारण ती म्हणाली ते खरे होते आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होते. पहिली नोंदवही सुरू झाली तेव्हा वसाहत चोवीस घरांची होती आणि त्यापुढे एरंडाचे शेत होते. त्र्याण्णव साली ते शेत गेले. नव्या कारखान्यांत नोकऱ्या लागलेली तरुण जोडपी येऊ लागली, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसल्या, छत्तीस घरे वाढली. पाइप चोवीसच्या पुढे नेला, वाटेतला सांडपाण्याचा नाला ओलांडून. फक्त नोंदवहीतले शब्द पुढे गेले नाहीत. शेवटचा नळ, घर क्रमांक चोवीस. हुकूम होता तो. जयसिंगरावांनी तो चार वर्षे रोज पाळला, एकही दिवस न चुकवता. त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. मंदाकिनीबाईंच्या नळाचे पाणी खरोखरच चांगले होते.

जयसिंगरावांनी पेटी उचलली, मला काखेत घेतले आणि आनंदीच्या मागे निघाले. चोवीस नंबरवरून जाताना मंदाकिनीबाई कठड्यापाशी उभ्या होत्या. आज ही वरात कुठे, असे काहीतरी त्या थट्टेने म्हणाल्या, पण जयसिंगरावांचा चेहरा पाहून त्याही पदर खोचून मागोमाग आल्या. नाल्यावरून जाताना मी वास घेतला. म्हणजे तुमच्यासारखा नाही, पण कागदात ओल शिरते तेव्हा तिच्याबरोबर सगळे शिरते.

सत्तावन्न नंबरचा नळ स्वयंपाकघराच्या मागे होता. पाणी बारीक चालू होते, जायच्या बेतात. देवश्री दारात उभी राहून हे सगळे पाहत होती. एक हात पोटावर आणि दुसऱ्या हातात तांब्या. ती त्यातून घोटभर पाणी प्यायली, अगदी सहज, आणि तिने विचारले, “काय झालं गं ताई?”

आनंदी धावली आणि तिने तो तांब्या तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला.

जयसिंगरावांनी नळी भरली. थेंब टाकले. नळी उजेडात धरली. आम्ही सगळे पाहत राहिलो. एरवी थेंब पडले की पाण्यात पिवळी रेघ उतरते आणि हळूहळू पसरते. आज काहीच उतरले नाही. त्यांनी नळी ओतून पुन्हा भरली, पुन्हा थेंब टाकले. पाणी तसेच राहिले, नितळ, दिसायला किती सुंदर. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

नंदूभाई तोवर स्कूटरवरून आले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. तेही घाबरले होते, फक्त वेगळ्या गोष्टीला. त्यांना सगळी वसाहत टाकीखाली आरडाओरडा करताना दिसत होती. त्यांनी जयसिंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात समजावले, “आजनो दहाडो रहेवा दो. पहेलां पाइप रिपेर करावी दइए, पछी लखजो.” आज राहू द्या, आधी पाइप दुरुस्त करू, मग लिहा. नाहीतरी आधीच्या सगळ्या ओळी चांगल्या आहेत, एक ओळ कोरी राहिली तर कोण विचारतो?

मी जयसिंगरावांच्या मांडीवर उघडी पडले होते. पेन त्यांच्या हातात होते. इतक्या वर्षांत मी त्यांना वरिष्ठांचा शब्द मोडताना पाहिले नव्हते. मला वाटले, आता हे मला मिटतील. खरे सांगू का, एक क्षण मलाही तेच हवे होते. शून्य लिहिलेले पान घेऊन जगायची माझी छाती नव्हती. चांगल्या आकड्यांची, स्वच्छ अक्षरांची वही म्हणून माझे नाव होते.

“नंदूभाई,” जयसिंगराव म्हणाले, “जे मोजलं ते आज लिहिलं नाही, तर इतकी वर्षं मी काय केलं?”

त्यांनी ठिकाणाच्या रकान्यातला आधीच लिहून ठेवलेला मजकूर एका रेघेने खोडला. माझ्यातली ती पहिली खाडाखोड. वर लिहिले, ‘घर क्र. ५७’. पुढे लिहिले, ‘०.०’. शेऱ्यात लिहिले, ‘पाणी पिण्यास योग्य नाही.’ पेनचे टोक इतके जोरात टेकले की खालच्या तीन पानांवर ते शून्य उमटले. आजही पाहिलेत तर बोटाला लागते.

त्याच दिवशी त्या पानाची नक्कल टाकीच्या फलकावर लावली गेली. आरडाओरडा झाला तो झालाच. दोन दिवसांत नाल्यापाशी खणले तेव्हा पाइपाचा सांधा फाटलेला सापडला. सकाळचे पाणी बंद झाले की रिकामा पाइप त्या फटीतून नाल्यातले आत ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या छत्तीस घरांना वाटायचा. चोवीसपर्यंतच्या घरांना काही नाही. सांधा बदलला, पाइप नाल्याच्या वरून नेला, क्लोरीन वाढवले.

पण पाइप बदलला म्हणून आधी प्यायलेले पाणी काही परत येत नाही. पाणी उकळू लागण्याआधीचे एक-दोन दिवस, आणि मग माझ्यावर विश्वास ठेवून काढलेले ते अकरा दिवस, देवश्री तेच पाणी प्यायली होती. डॉक्टरांनी सांगितले की ही कावीळ अंगात दोन-दोन महिने दबा धरून बसते. आता फक्त वाट पाहायची.

त्या वाट पाहण्यातले माझे दिवस विचारू नका. जयसिंगराव आता रोज साठ नंबरला मोजायला जात, आणि जाता-येता सत्तावन्नपाशी थांबत. आनंदी दारात येई. दोघे आकड्यावर बोलत, पण दोघांची नजर आत बसलेल्या देवश्रीवर असे. रोज सकाळी आनंदी बहिणीला खिडकीपाशी नेऊन तिच्या पापण्या खाली ओढून डोळे पाही. देवश्री सुरुवातीला हसायची, नंतर हसेनाशी झाली. मंदाकिनीबाईंनी चहाचा कप ठेवायचे बंद केले. जयसिंगराव एकदा सवयीने त्यांच्या फाटकाशी थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्याकडे थांबू नका, जयसिंगराव. पुढे जा.” आवाजात राग नव्हता, पण त्या रडल्या होत्या हे कळत होते.

मी स्वतःला विचारत होते, माझा गुन्हा काय? मी खोटी नव्हते. जी विचारली नाही ती गोष्ट मी सांगितली नाही, एवढेच. मग पुन्हा वाटे, आनंदीने अकरा मार्चला मला विचारलेच होते की. तिने तिच्या नळाबद्दल विचारले आणि मी दुसऱ्याच नळाचे उत्तर दिले, तेही इतक्या ऐटीत.

वीस एप्रिलला सत्तावन्नच्या दाराला कुलूप होते. देवश्रीचे डोळे आदल्या संध्याकाळी पिवळे झाले होते आणि तिला दवाखान्यात हलवले होते. जयसिंगरावांनी त्या दिवशी साठ नंबरला मोजले, आकडा चांगला आला. देवश्रीला शुद्ध नाही, असे कोणीतरी सांगितले. मग कोणीतरी सांगितले की आता बरे आहे. मग पुन्हा उलटेच. मी टाकीखालच्या खोलीत पडून पावले ऐकत असे. एखादा माणूस जोरात चालत आला तरी मला वाटे, आली ती बातमी.

बाळ आठव्या महिन्यातच झाले. मुलगी, जेमतेम दोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली. देवश्री एकोणीस दिवस त्या दवाखान्यात होती. ती वाचली. कशी वाचली ते डॉक्टरांनाही नीट सांगता आले नाही, आणि तिच्या शेजारच्या खाटेवरची दुसऱ्या गावची बाई वाचली नाही. हे आनंदीने जयसिंगरावांना सांगितले तेव्हा मी त्यांच्या काखेत होते.

मित्रांनो, पुढे माझी पाने संपली आणि चौथी वही आली. तिच्यात ठिकाणाचा रकाना रोज नव्याने भरतात. मला फळीवर ठेवले. एकदा पस्तीवाल्याने, म्हणजे रद्दीवाल्याने, मला तराजूत टाकलेसुद्धा होते, पण जयसिंगरावांनी उचलून परत आणले. आता कव्हराचे कोपरे कसरीने खाल्ले आहेत. कोणी माझी धूळ झटकावी असे मला वाटत नाही. माझी विनंती वेगळीच आहे. तुमच्या गावात, तुमच्या पेठेत, तुमच्या वसाहतीत माझ्यासारखी एखादी वही असेल, फलकावर लावलेला एखादा कागद असेल. तो वाचायला जा. जरूर जा, कारण आम्ही न वाचलेल्या पडून राहिलो की आमच्यातल्या चुकाही तशाच पडून राहतात. आणि वाचाल तेव्हा आकडा बघून खूश होऊन उठू नका. हे पाणी कोणत्या नळाचे, कोणत्या दिवशीचे, किती वाजताचे, कोणी मोजले, ते बघा. तुमचे घर त्या नळाच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते बघा. कळले नाही तर विचारायला लाजू नका. स्वच्छ अक्षराला भुलू नका. मी स्वतः भुलले होते.

एकच दिवस अजून सांगते आणि थांबते. जूनच्या बारा तारखेला ते बाळ पहिल्यांदा घरी आले. सत्तावन्न नंबरला तोरण होते. जयसिंगराव साठ नंबरला मोजत होते. थेंब पडले, पिवळी रेघ उतरली, पण फिकी. आकडा आला ०.१. काहीतरी पुन्हा बिघडले होते. त्यांनी ते लिहिले, सही केली आणि साठचे दार वाजवले, मग एकोणसाठचे, मग अठ्ठावन्नचे. काही लोक वैतागले. रोज उठून काय घाबरवता, असेही एकजण म्हणाला. मग आम्ही सत्तावन्नपाशी आलो. ओटीवर देवश्री बसली होती, अगदी वाळलेली, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले ते इवलेसे बाळ. आनंदी पेढ्यांचे ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यात आधी जयसिंगरावांना द्यायचे असे तिने ठरवले असावे. पण त्यांचा चेहरा पाहून ती थांबली.

“आकडा किती, काका?”

जयसिंगराव त्या बाळाकडे पाहत होते. अशा दिवशी असे सांगायचे त्यांच्या जिवावर आले होते, मला त्यांच्या काखेत ते कळत होते. तरी त्यांनी सांगितले.

आनंदीने ताट ओटीवर ठेवले. बहिणीला म्हणाली, बाळाला आत ने, आणि अंघोळीचं पाणी काढलं असशील तर ओतून टाक. मग पदर खोचून ती फाटकाबाहेर आली.

“या बाजूची घरं तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “समोरची मी घेते.”